तकलाकोटच्या गाळ्यांना लागलेली कुलपं

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उत्तराखंडातली लिपुलेख, हिमाचलातली शिपकी ला आणि सिक्कीममधली नथू ला या तीन खिंडींतून भारत-चीन सीमाव्यापार पुन्हा सुरू करायचं दोन्ही सरकारांनी ऑगस्ट २०२५ मध्ये ठरवलं. चीनचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले होते, तेव्हाची ही गोष्ट. त्यानंतर आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत या विषयावर जे जे छापून आलं ते मी वाचलं. गलवान, सीमारेषा, अमेरिकेचं आयातशुल्क, नेपाळचा आक्षेप, सगळं आलं. ते यायलाच हवं. पण लिपुलेखच्या पलीकडे, तिबेटात, तकलाकोट नावाचं एक गाव आहे, त्या गावात वर्षानुवर्षं आपल्या माणसांनी गाळे घेऊन धंदा केला आहे, आणि तो धंदा सहा वर्षं कुलपात पडून आहे, याबद्दल मला एक ओळ सापडली नाही. मी ते गाव आणि तो बाजार पाहिला आहे. म्हणून हे पत्र लिहितो आहे. ते लांबलं आहे, पण शक्य असेल तर काटछाट न करता छापावं.

माझी कोल्हापुरात गुळाची अडत आहे. वडिलांच्या वेळी शाहूपुरीत पेढी होती, आता मार्केट यार्डात आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात मी आणि माझी पत्नी कैलास-मानसरोवर यात्रेला गेलो होतो, परराष्ट्र मंत्रालयाच्या तुकडीतून, लिपुलेखच्या वाटेने. खिंड ओलांडून उतरलं की पहिला मुक्काम तकलाकोटला पडतो. चिनी शिक्क्यांवर त्याचं नाव पुलान, तिबेटी लोक पुरंग म्हणतात, आपले यात्रेकरू आणि व्यापारी तकलाकोटच म्हणतात. हवा विरळ असल्यामुळे तिथे शरीराला सवय व्हावी म्हणून थांबवतात. बरोबरची मंडळी खोलीत पडून राहायची, डॉक्टरांनीही तसंच सांगितलेलं. माझे पाय मात्र बाजाराकडे वळायचे. चाळीस वर्षं सौद्याला उभा राहिलेला माणूस दुसऱ्या गावचा बाजार बघितल्याशिवाय राहत नाही.

आधी गाव कुठे आहे ते सांगतो, कारण त्याशिवाय तिथला धंदा कळत नाही. तकलाकोट सुमारे ३,९०० मीटरवर, कर्णालीच्या खोऱ्यात आहे. हीच कर्णाली पुढे नेपाळातून उतरून आपल्याकडे घाघरा होते. एका बाजूला गुर्ला मांधाता पर्वत, ७,६९४ मीटर, सगळा पांढरा. त्याच्या पायथ्याशी, नदीच्या कडेने जवाचे आणि वाटाण्याचे हिरवे तुकडे, आणि बाकी सगळीकडे उघडे, मातकट डोंगर. पश्चिमेला लिपुलेख म्हणजे भारत. दक्षिणेला नदीबरोबर खाली गेलं की हिल्सा, म्हणजे नेपाळचा हुमला जिल्हा. ल्हासा तिथून हजार किलोमीटरच्याही पुढे. चिनी सरकारने आता पक्के रस्ते केले आहेत, २०२३ च्या अखेरीला तिथे विमानतळही झाला. पण शतकानुशतकं या गावाचं गूळ, कापड, धान्य, भांडी हे सगळं आलं ते लिपुलेख आणि टिंकर या खिंडींतून, खेचरांच्या आणि मेंढ्यांच्या पाठीवरून. ल्हासाच्या वाटेने ते येणं परवडणारंच नव्हतं.

गावात घड्याळ बीजिंगचं चालतं. आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. सूर्य मात्र आपल्याच वेळेला उगवतो, त्यामुळे घड्याळात दुपारचे अडीच वाजतात तेव्हा कुठे तो डोक्यावर येतो आणि उन्हाळ्यात रात्री नऊ वाजून गेले तरी लख्ख उजेड असतो. सरकारी कचेरी, शाळा, लष्कराची छावणी बीजिंगच्या वेळेने चालतात आणि दुकानं त्यांच्या मागोमाग. भारतीय मंडीतल्या व्यापाऱ्यांच्या मनगटावर मी भारतीय वेळ बघितली. घरी फोन लागला तर तो कोणत्या वेळेला लावायचा, खेचरवाला खिंडीअलीकडच्या गुंजी गावाहून कधी निघाला असेल, हे सगळे हिशेब त्या वेळेतले. एक माणूस दिवसभर दोन वेळा डोक्यात ठेवून धंदा करतो, हे मला फार वेगळं वाटलं.

मुख्य रस्ता रुंद, दिव्यांच्या खांबांचा. सिचुआनहून आलेल्या लोकांची खाणावळी, किराणा आणि मोबाइलची दुकानं. बाहेर फुटपाथवर बिलियर्डचं टेबल, त्याच्याभोवती पोरं. घरांच्या अंगणात आरशासारख्या मोठ्या वाट्या सूर्याकडे तोंड करून ठेवलेल्या आणि त्यांच्या मध्यावर चहाची किटली. लाकूड नाही, झाड नाही, पण ऊन भरपूर. बांधकामांवर सगळे नेपाळी मजूर, बहुतेक हुमल्याचे. त्यांच्या गावांना नेपाळच्या बाजूने धड रस्ता नाही, त्यामुळे वरच्या हुमल्यातला माणूस तांदूळ, पीठ, तेल सगळं तकलाकोटहून नेतो. पूर्वी उलटं होतं. हुमल्याचं धान्य वर जायचं आणि तिबेटचं मीठ खाली यायचं. खालच्या बाजूने भारताचं स्वस्त आयोडिनवालं मीठ डोंगरात पोहोचलं आणि तिबेटी मिठाचा तो व्यापार बसला. डोंगरापलीकडच्या एका गोष्टीचा भाव बदलला की किती घरांचं गणित बदलतं, याचं हे उदाहरण आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने समजून घ्यावं असं आहे.

आता मंडीबद्दल. भारतीय व्यापाऱ्यांचे गाळे मुख्य बाजारापासून जरा बाजूला होते. बहुतेक सगळे व्यापारी खिंडीच्या अलीकडच्या, उत्तराखंडातल्या व्यास खोऱ्यातले. बुदी, गर्ब्यांग, गुंजी, नाबी, नपलच्यू, रोंगकाँग, कुटी ही त्यांची गावं. स्वतःला ते रं म्हणवतात. सरकारी कागदात भोटिया. उन्हाळ्यात वर गावी आणि हिवाळ्यात खाली धारचुल्याला अशी त्यांची दोन बिऱ्हाडं असतात. जूनमध्ये धारचुल्याच्या प्रशासनाकडून परवाना घ्यायचा, गुंजीला कस्टमचं काम उरकायचं, खिंड चढायची आणि ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत तकलाकोटच्या गाळ्यात बसायचं, असा त्यांचा हंगाम. न खपलेला माल गाळ्यातच ठेवून कुलूप लावायचं आणि बर्फ पडायच्या आत परत फिरायचं. खेचराचं भाडं दोन वेळा कोण देणार? पुढच्या जूनमध्ये तोच माल विकायचा.

एका गाळ्यापुढे मी थबकलो, कारण आतून गुळाचा वास आला. पन्नाशीचे गृहस्थ होते. तागाच्या पोत्यात भेल्या, म्हणजे गुळाच्या ढेपा होत्या, तराईकडच्या, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यातल्या, साधारण दोन-अडीच किलोच्या, रंग तांबूस. मी नाव-गाव सांगितलं, कोल्हापूरचा गूळवाला म्हटल्यावर त्यांनी स्टूल पुढे केलं. हिंदीतच बोललो. ते मला ‘सेठजी’ म्हणायचे, मी त्यांना ‘भाईजी’. त्यांनी भेली माझ्या हातात दिली. आपल्याकडे पावसाळ्यात गूळ पाघळतो, रव्याला, म्हणजे ढेपेला, घाम फुटतो, बारदान ओलं होतं, आणि तो धरून ठेवायचा तर शीतगृहाचं भाडं भरावं लागतं. तिथली हवा इतकी कोरडी की भेली दगड झाली होती. नख लागत नव्हतं. वाजवली तर खणखणीत आवाज. गिऱ्हाईकाला तुकडा द्यायचा तर ते हातोडी वापरत होते.

तेवढ्यात एक तिबेटी बाई आल्या, पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन बांधलेल्या, बरोबर सून किंवा मुलगी असावी. त्यांनी भेली उचलली, नाकाजवळ नेली, फुटलेल्या कडेची कणी अंगठ्याने चोळून बघितली आणि एक कण जिभेवर ठेवला. आमच्या सौद्याला मुंबई-गुजरातचे खरेदीदार असंच करतात. मीठ जास्त आहे का, चुना मारलाय का, जिभेला लगेच कळतं. बाईंनी तीन भेल्या बाजूला काढल्या. भाव ठरवताना दोघांमध्ये जे बोलणं झालं त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही, पण कधी कोण रेटतंय आणि कधी कोण सोडतंय ते नीट कळत होतं. शेवटी युआन दिले, आणि वर मिश्रीची, म्हणजे खडीसाखरेची, एक छोटी पुडी मागून घेतली. व्यापाऱ्याने सांगितलं, लोसारला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, सुकं चीज, लोणी आणि गूळ एकत्र करून पदार्थ करतात, त्यासाठी हा गूळ घरात राखून ठेवतात. चिनी साखर शेजारच्या दुकानात मिळते, स्वस्तही असेल, पण त्या पदार्थाला त्यांना गूळच लागतो. आणि तो त्यांना आपल्याकडून मिळत होता.

बाकीच्या फळ्यांवर काय होतं? तंबाखू, चहा, कॉफी, ॲल्युमिनियमची आणि पितळेची भांडी, सुती कापड, वनस्पती तूप, मसाले, बांगड्या, अंगाला लावायची क्रीमं. परत जाताना ते लोकर, रजया, जाकिटं, बूट, थर्मास असा माल नेत. लोकर धारचुला-मुनस्यारीच्या बायकांकडे जायची. त्या हिवाळाभर हातमागावर दन, थुलमे, चुटके, म्हणजे गालिचे आणि जाड घोंगड्या विणत. नोव्हेंबरात काली आणि गोरी नदीच्या संगमावर जौलजीबीची जत्रा भरते, तिथे हा माल विकला जातो. म्हणजे खिंडीवरून जाणारं एक खेचर खालच्या किती घरांत चूल पेटवत होतं, ते बघा.

त्यांच्या अडचणीही मी तिथेच बसून ऐकल्या. गाळ्याचं भाडं वाढलेलं. बाजारापासून जागा लांब, त्यामुळे गिऱ्हाईक मुद्दाम यावं लागतं. आणि सगळ्यात मोठी अडचण मी स्वतः डोळ्यांनी पाहिली. शेजारच्या चिनी दुकानात लोक मोबाइल पुढे करून पैसे देत होते. आपल्या व्यापाऱ्याकडे चिनी बँकेत खातं नाही, त्यामुळे फक्त रोख. तरुण गिऱ्हाईकाच्या खिशात रोकड नाही, तो माल बघतो आणि निघून जातो. मिळालेले युआन परत आणायचीही भानगड, म्हणून शक्यतो त्या युआनचा तिथेच माल घ्यायचा. हंगामात गुंजीला स्टेट बँकेची शाखा चालते, पण तकलाकोटच्या गाळ्यात बसलेल्या माणसाला तिचा कितीसा उपयोग? दोन देशांच्या कागदांत हा व्यापार होता, पण त्या व्यापाऱ्याला ना तिथली बँक ना इथला फोन. गुंजीतसुद्धा तेव्हा आमच्या मोबाइलला रेंज नव्हती, गावकरी नदीपलीकडच्या नेपाळी कंपनीचं सिम वापरत. भारताच्या शेवटच्या गावात, भारतीय नागरिकाने, नेपाळी सिमवर. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं.

हा व्यापार नवा नाही, हे वाचकांना सांगायला हवं. २९ एप्रिल १९५४ चा जो भारत-चीन करार पंचशीलासाठी सगळ्यांना शाळेत शिकवला जातो, तो मुळात तिबेटशी व्यापार आणि यात्रा यांचा करार होता. त्यात पश्चिम तिबेटातल्या बाजारांची नावं आहेत, त्यात तकलाकोट आहे. यात्रेकरू आणि व्यापाऱ्यांनी कोणत्या खिंडींतून जावं त्यांची नावं आहेत, त्यात लिपुलेख आहे. आठ वर्षांनी, जून १९६२ मध्ये, त्याची मुदत संपली आणि त्याच वर्षी युद्ध झालं. खिंड बंद. तीस वर्षांनी, १९९२ साली, लिपुलेखवरून व्यापार पुन्हा सुरू झाला. १९९४ साली शिपकी ला, २००६ साली नथू ला. मग २०२० च्या सुरुवातीला कोरोनामुळे सगळं थांबलं आणि त्या जूनमध्ये गलवान झाल्यावर पुढचं बोलणंच नको.

त्या गाळ्यातल्या भाईजींच्या घरात १९६२ साली आजोबांची उधारी पलीकडे बुडाली होती. ते सांगत, त्या काळी तिबेटी व्यापाऱ्याशी नातं पिढ्यान् पिढ्या बांधलेलं असे. एक दगड फोडायचा, अर्धा त्याने ठेवायचा, अर्धा याने. पुढच्या पिढीने दोन तुकडे जुळवून दाखवले की व्यवहार चालू. कागद नाही, वकील नाही. आमच्या आजोबांच्या काळी बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा आणि तो शब्द मोडला तर त्या माणसाला पुन्हा कोणी दारात उभं करत नसे, त्याची मला आठवण झाली. असल्या विश्वासावर उभी असलेली उधारी सरकारं एका रात्रीत बंद करतात तेव्हा ती वसूल करायला कोर्ट कुठलं?

आणि आता नातवावर तीच पाळी आली आहे. परत आल्यापासून आमचं फोनवर बोलणं असतं, विशेषतः हिवाळ्यात, ते धारचुल्याला उतरले की. ऑक्टोबर २०१९ मध्ये नेहमीप्रमाणे उरलेला माल आत ठेवून, कुलूप लावून ते निघाले. परत जाताच आलेलं नाही. त्यांच्यासारखे आणखी कितीतरी आहेत. मालाची किंमत बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल, पण तो माल बहुतेकांनी खालच्या घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर उचललेला असतो. हल्द्वानीचा व्यापारी म्हणाला नाही की खिंड बंद आहे, राहू द्या. त्याला पैसे द्यावेच लागले.

मला गुळातलं कळतं म्हणून एवढं सांगतो. त्या थंड कोरड्या हवेत गूळ सडला नसेल, पण काळा पडला असेल, आणि काळा गूळ लोसारसाठी कोणी घेत नाही. तंबाखूचा वास उडाला असेल. वनस्पती तूप खवट झालं असेल. कापड आणि भांडी राहिली असतील, उंदरांनी ठेवली असतील तर. सहा वर्षांचं गाळाभाडं कोणाच्या नावावर चढलं आहे, हेही त्यांना माहीत नाही. व्यापार सुरू होणार म्हणून आनंद आहेच. पण पहिला प्रश्न त्यांचा हाच आहे, की कुलूप उघडल्यावर आपल्याला माल मिळणार की भाड्याची मागणी.

आता आपल्याच वाचकांच्या काही पत्रांबद्दल. ‘शत्रूशी व्यापार कशाला’ असा सूर त्यांत होता. सैनिकांच्या बलिदानाबद्दल त्यांना जे वाटतं तेच मलाही वाटतं. आमच्या जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावं आहेत. पण भारत आणि चीन यांचा वर्षाचा व्यापार १०० अब्ज डॉलरच्या वर गेला आहे. तो न्हावा-शेवाला कंटेनरांतून उतरतो. गलवाननंतरही तो उतरत राहिला, आणि वाढला. आपल्या हातातला मोबाइल, शेतातल्या पंपाचा सुटा भाग, औषधाचा कच्चा माल, सगळं त्यातून येतं. लिपुलेखचा व्यापार त्याच्यापुढे काही कोटी रुपयांचा. जहाज थांबलं नाही, खेचर थांबलं. ज्याच्या मागे मोठी पेढी आहे त्याचा माल आला, आणि ज्याच्या मागे फक्त त्याचं गाव आहे त्याची रोजी गेली. देशप्रेमाची किंमत वसूल करायची तर ती गुंजी आणि नाबीच्या घरांकडूनच का? त्याच लोकांनी तर सीमेवर गावं धरून ठेवली आहेत. १९६२ नंतर धंदा गेला तेव्हा व्यास खोऱ्यातली किती घरं कायमची खाली उतरली, ते तिथल्या बंद दारांवर अजून दिसतं.

इतिहासातलंही एक सांगतो. तकलाकोटजवळ तोयो गावात जनरल जोरावरसिंगांची समाधी आहे. जम्मूची डोग्रा फौज घेऊन ते तिबेटात घुसले आणि डिसेंबर १८४१ मध्ये तिथेच, कडाक्याच्या थंडीत, लढताना पडले. दुसऱ्या वर्षी, १८४२ साली, तह झाला. एवढं रक्त सांडल्यावर केलेल्या त्या तहात लोकरीचा आणि चहाचा व्यापार जुन्या रिवाजाप्रमाणे चालू ठेवायचं कलम घातलं गेलं. लढलेल्या माणसांनाही हे कळत होतं की डोंगरात राहणाऱ्याला पलीकडच्या बाजारावाचून चालत नाही.

व्यापार सुरू करताना सरकारने काय बदलावं, याबद्दल माझं काही म्हणणं आहे. सीमाव्यापाराच्या जुन्या याद्या मी मुद्दाम काढून वाचल्या. आयात करता येणाऱ्या वस्तूंत बकऱ्या, मेंढ्या, घोडे, याकची शेपटी, याकचे केस, कातडी, लोकर, पश्म म्हणजे बकरीची मऊ लोकर, कच्चं रेशीम, टाकणखार, मीठ. निर्यातीत गूळ-मिश्री, तंबाखू, रॉकेल, सायकली, भांडी, शेतीची अवजारं. १९५४ च्या बाजाराला ही यादी शोभली असती. तकलाकोटमध्ये आज रॉकेल कोणाला हवं आहे? वीज आहे, गॅस आहे, उन्हाच्या वाट्या आहेत. आणि व्यापारी ज्यावर खरोखर कमावतात ती जाकिटं आणि रजया तिथल्या बाजारात आहेत, पण याद्या मात्र घोड्या-मेंढ्यांपाशी अडलेल्या. यादीबाहेरचा माल आणला की खालच्या नाक्यावर कोणी तरी अडवतो, आणि मग काय होतं ते सांगायला नको. यादी बनवताना दिल्लीत बसून बनवू नका, धारचुल्यात व्यापाऱ्यांना बोलवा आणि त्यांना विचारा की गिऱ्हाईक काय मागतं.

पैशाचं दुसरं. गाळ्यातल्या व्यापाऱ्याला तिथलं गिऱ्हाईक मोबाइलवरून पैसे देऊ शकेल अशी काही सोय दोन्ही बाजूंच्या बँकांनी मिळून करून द्यायला हवी. आमच्या यार्डाबाहेर भाजीवाली मावशीसुद्धा आता कोड लावून बसते. त्या माणसानेच का मागे राहावं?

रस्त्याबद्दल मी जरा काळजीत आहे. ८ मे २०२० रोजी घटियाबगडपासून लिपुलेखकडे जाणाऱ्या रस्त्याचं उद्घाटन झालं. आम्ही चालत गेलो त्यातला बराच पट्टा आता गाडीने जाता येतो. चांगलंच झालं, आजारी माणूस खाली आणता येतो. तिथल्याच आदि कैलास पर्वताला पर्यटकांची गर्दी होऊ लागली, गुंजीत घरोघरी पाहुण्यांच्या खोल्या झाल्या, रं तरुण टॅक्सी चालवतात. पण ट्रक खिंडीपर्यंत जाऊ लागला की मैदानातला मोठा व्यापारी तिथे पोहोचायला वेळ लागत नाही. त्याच्याकडे भांडवल आहे, तो गाळे घेईल, परवाने मिळवील, आणि ज्यांनी सहा वर्षं वाट पाहिली ते त्याच्याकडे हमालीला राहतील. मी अडत्या आहे, मोठा व्यापारी लहानाला कसा गिळतो हे मी यार्डात रोज बघतो. परवाने देताना व्यास खोऱ्यातल्या आणि जुन्या परवानाधारकांचा हक्क पहिला, हे लेखी ठरलं पाहिजे.

नेपाळचा मुद्दा टाळून चालणार नाही. लिपुलेख आणि कालापानीवर काठमांडूचा दावा आहे, ऑगस्टच्या घोषणेनंतर त्यांनी आक्षेप नोंदवला आणि दिल्लीने तो फेटाळला. तो वाद सरकारांनी बसून सोडवावा. मी फक्त एवढं सांगेन की कालीच्या पलीकडे, नेपाळच्या छांगरू आणि टिंकर गावांत याच लोकांचे सोयरे राहतात. तेही तकलाकोटलाच जातात. लग्नं, देवकार्य, उधारी, सगळं नदीच्या दोन्ही काठांवर एकच आहे. त्यांना बाजूला ठेवून या बाजाराची घडी नीट बसणार नाही.

हे सगळं लिहिण्यात माझा स्वार्थ नाही. कोल्हापूरचा गूळ तकलाकोटला जायचा नाही, वाहतुकीतच त्याचा भाव दुप्पट होईल. तराईचा आणि मुझफ्फरनगरचा गूळ तिथे जवळचा आणि पुरेसा आहे. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्याची बाजारपेठ वेगळी आहे. मला त्या माणसांचं पडलं आहे.

२०२५ च्या जूनपासून यात्रा पुन्हा सुरू झाली. लिपुलेखच्या वाटेने पन्नास-पन्नासच्या पाच तुकड्या गेल्या, त्यांत महाराष्ट्रातलेही होते. यात्रेकरूंसाठी खिंड उघडली, व्यापाऱ्यांसाठी नुसती घोषणा झाली आहे. तारीख, परवाने, यादी, गाळ्यांचं भाडं, अडकलेला माल यांबद्दल काहीच स्पष्ट नाही. माझी आपल्याला विनंती आहे की पुढच्या हंगामाआधी आपला एक वार्ताहर धारचुल्याला आणि गुंजीला पाठवावा आणि या व्यापाऱ्यांशी बोलून सविस्तर लिहावं. दुसरं, २०१९ साली तकलाकोटच्या गाळ्यांत राहिलेल्या मालाची यादी करून दोन्ही सरकारांनी तो मालकाच्या ताब्यात द्यावा, खराब झालेल्याची भरपाई द्यावी आणि बंद काळाचं भाडं माफ करून घ्यावं, हे आमच्या खासदारांनी संसदेत विचारावं असं पत्र मी त्यांना लिहीत आहे. हे पत्र आपण छापलंत तर त्याचं कात्रण सोबत जोडीन, आणि एक धारचुल्याला पाठवीन.

कळावे,
आपला,
एक गूळ अडत्या, मार्केट यार्ड, कोल्हापूर